कोनाच्या किनाऱ्यावरील मत्स्यमृगया

मासा ज्याच्या पानांत उभ्या जन्मांत पडला नाहीं, त्यानें मासे धरण्याच्या खेळावर लेख लिहावा, हा प्रकार वाचकांस चमत्कारिक वाटेल. मलाही वाटतो. माझीं चौतीस वर्षें मुलांकडून शब्द चालवून घेण्यांत आणि समास सोडवून घेण्यांत गेलीं. सुटीच्या दिवशीं सांगलीस कृष्णेच्या घाटावर बसून कणकेच्या गोळ्या पाण्यांत टाकाव्या व मासे जमलेले पाहावे, याहून निकटचा असा त्या जातीशीं माझा संबंध कधीं आला नव्हता. परंतु २०२४ सालच्या जुलै महिन्यांत कन्येकडे कॅलिफोर्नियास गेलों असतां जांवईबापूंनीं सर्वांनीं मिळून हवाई बेटांस जाण्याचा बेत ठरविला, आणि त्या बेतांत एक दिवस मोठ्या माशाच्या शिकारीचा होता. नातू शंतनु तेरा वर्षांचा. कांठी त्याच्या हातीं द्यावयाची, हें बापलेकांचें आधींच ठरलेलें. "अप्पा, तुम्ही बरोबर गेलांत तर मला धीर राहील," असें कन्या म्हणाली. म्हणून गेलों.

हवाई म्हटलें कीं पुष्कळांच्या डोळ्यांसमोर होनोलुलू शहर उभें राहतें. तें ओआहू बेटावर. आम्ही उतरलों तें बेट त्याच्या आग्नेयेस असून त्याचेंच मूळ नांव हवाई. बाकीच्या साऱ्या बेटांची जमीन एकत्र केली तरी ह्या एकट्याएवढी भरत नाहीं. त्याच्या पश्चिम किनाऱ्यास कोना म्हणतात. विमान टेंकतें तें १८०१ सालीं हुआलालाई पर्वतानें ओकलेल्या लाव्ह्यावर. चोहोंकडे काळाकुट्ट खडक, त्यावर गवताची काडी नाहीं, आणि त्यापलीकडे एकदम निळा समुद्र. ज्याची कल्पना नारळीच्या बागा अशी होती त्या माझ्यासारख्यास तें प्रथमदर्शन स्मशानासारखें वाटलें. मागें हुआलालाई आठ हजार फुटांहून उंच, त्याच्या दक्षिणेस मौना लोआ साडेतेरा हजारांवर. हा दुसरा २०२२ सालीं पुनः पेटला होता.

ह्या पर्वतांतच कोनाच्या मासेमारीचें रहस्य आहे. ईशान्येकडून वाहणारे व्यापारी वारे पर्वतांच्या पाठीवर आदळून थबकतात, आणि पोटाशीं असलेला समुद्र तळ्यासारखा निवांत राहतो. शिवाय पर्वत जसा पाण्यावर चढत गेला आहे तसाच पाण्याखालीं उतरत गेला आहे. आपल्या कोंकणकिनाऱ्यावर दहा मैल बाहेर गेलें तरी तळ वांवांच्या दोरीनें सहज मोजतां येतो. येथें किनाऱ्यावरील घरांच्या खिडक्या मोजतां येत असतांनाच खालीं शेंकडों वांव पाणी असतें. त्यामुळें जो मासा इतरत्र धरावयास दिवसभर जहाज हांकावें लागतें, तो येथें धक्क्यापासून अर्ध्या-पाऊण तासाच्या वाटेवर फिरत असतो. तो मासा म्हणजे निळा मार्लिन. तेथील लोक त्यास 'आउ' म्हणतात. १९५९ सालीं येथें ह्या माशाची आंतरराष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, आणि १९८२ च्या मे महिन्यांत कोनाच्याच काआइवी भूशिराजवळ १३७६ पौंडांचा मार्लिन एकट्या माणसानें गळावर धरला. प्रशांतांतील निळ्या मार्लिनचा विक्रम म्हणून तोच नोंदला गेला आहे. याहून मोठा, १८०५ पौंडांचा, १९७० सालीं ओआहूजवळ मिळाला होता. परंतु कांठीला एकाहून अधिक जणांचे हात लागले होते, आणि १९३९ सालीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय मंडळाचा नियम असा कीं, मासा लागल्यापासून कांठी एकाच्याच हातीं राहिली पाहिजे. उत्तर बरोबर, पण शेजाऱ्याची मदत घेतली म्हणून गुण नाहींत! शिक्षकाला हा नियम तात्काळ पटला.

पहिले तीन दिवस आम्ही कांठाकांठानें हिंडलों. कैलुआ गांवाच्या धक्क्याला लागूनच कामाकाहोनू नांवाची एक लहानशी पुळण आहे. सारीं बेटें एकछत्री करणारा पहिला कामेहामेहा राजा १८१९ च्या मे महिन्यांत येथें वारला. तोंपर्यंत ह्या लोकांत 'कापू' नांवाचा विधिनिषेध फार कडक होता. ह्या शब्दाचा अर्थ समजण्यास आपल्या लोकांस कोश उघडावयास नको. सोवळें म्हटलें कीं बारा आणे अर्थ आला. स्त्रीपुरुषांनीं एकत्र जेवावयाचें नाहीं. स्त्रियांनीं डुकराचें मांस, नारळ, बहुतेक जातींचीं केळीं आणि उलुआ नांवाचा मासा खावयाचा नाहीं. मोडल्यास देहदंड. राजा वारल्यावर सहा महिन्यांनीं त्याचा पुत्र लिहोलिहो ह्याच ठिकाणीं भर मेजवानींत उठला, आणि स्त्रियांच्या पंक्तीस जाऊन बसून जेवला. त्याची माता केओपुओलानी व काआहुमानू राणी यांचा त्याला आग्रह होता. एवढ्या एका घांसानें कापू मोडला. देवळें मोडण्याचा हुकूम मागाहून निघाला. ख्रिस्ती पाद्री आले ते १८२० च्या एप्रिलांत, म्हणजे सोवळें सुटल्यानंतर. मी त्या वाळूंत बराच वेळ उभा होतों. शेजारीं लहान मुलें प्लॅस्टिकच्या बादल्यांनीं किल्ले करीत होतीं.

परंतु कापूचें एक अंग असें होतें कीं, त्याची आठवण ते लोक आजही आदरानें काढतात. समुद्रावरही कापू असे. ओपेलू म्हणून एक वीतभर लांबीचा मासा थव्यांनीं किनाऱ्याजवळ येतो, आणि आकू हा आपल्या कोळ्यांच्या कुप्याच्या जातीचा मासा बाहेर असतो. वर्षाचे कांहीं महिने ओपेलू वर्ज्य, त्या वेळीं आकू धरावयाचा. मग आकू वर्ज्य, तेव्हां ओपेलू मोकळा. चातुर्मासांत कांदालसूण टाळणाऱ्यांना ह्यांत नवल वाटावयास नको. मात्र आपल्या चातुर्मासानें कांद्याचें पीक वाढावें असा हेतु नव्हता. ह्यांच्या चातुर्मासानें मासा वाढत असे.

दक्षिणेकडे मिलोलिई नांवाचें एक कोळ्यांचें गांव आहे, तेथें ओपेलू धरण्याची जुनी रीति अद्याप आहे. ती ऐकून मी चकित झालों. माशांच्या ठरलेल्या जागा असतात. तेथें होडी नेऊन कोळी त्यांना खावयास घालतात, आणि तें खाद्य काय, तर शिजविलेला भोपळा आणि अळकुड्या! मांसाचें आमिष मुद्दाम वर्ज्य, कारण त्याच्या वासानें मोरीसारखे मोठे खादाड मासे जमतात व ओपेलूचा थवा उधळतो. धरण्याचे दिवस नसले तरी घालावयाचें, म्हणजे थवा जागा सोडीत नाहीं. मग हंगामांत गोल तोंडाचें जाळें खालीं सोडून वर खाद्य टाकावयाचें, आणि थवा जाळ्यावर आला कीं वर ओढावयाचें. कृष्णेच्या घाटावरच्या माझ्या कणकेच्या गोळ्या मला आठवल्या. मी घालून उठून जात असें. हे घालून ठेवतात आणि मग नेतात. ह्या गांवापुढील समुद्र २०२२ सालीं तेथील सरकारनें गांवकऱ्यांच्या रीतीप्रमाणें निर्वाहापुरत्या मासेमारीसाठीं राखून त्याचे निराळे नियम केले. दोनशें वर्षांमागें सुटलेला कापू सरकारी कागदावर परत आला, असेंच म्हणावयाचें.

कालोको येथें आणखी एक गोष्ट पाहिली. समुद्राच्या एका आंतल्या वांकणाला चुन्याशिवाय रचलेल्या दगडांचा सुमारें ७५० फूट लांबीचा बांध घालून जुन्या लोकांनीं माशांचें तळें केलें आहे. बांधाला लांकडी गजांचीं दारें. गज इतके जवळ कीं, लहान पिलें समुद्रांतून आंत येतात, पण आंत पोसून मोठीं झालीं कीं परत जाऊं शकत नाहींत. तें स्थळ १९७८ पासून राष्ट्रीय स्मारकांत आहे व बांध पुनः रचीत आणला आहे. शंतनु त्या दाराशीं पालथा पडून तासभर पाहत होता. "आजोबा, त्याला वाटतं आपण खायला आलो, आणि दार आपोआपच बंद होतं," असें तो म्हणाला. मीं त्याला लक्षपूर्वक पाहिलें. तो कांहीं सुचवीत नव्हता, पाहिलें तें सांगत होता.

रात्रीं खडकावर गळ टाकणारे बसतात. आमच्या घराजवळच एक वृद्ध गृहस्थ, ज्यांचे पूर्वज जपानांतून उंसाच्या मळ्यावर मजूर म्हणून आले होते, चौदा फुटी दोन कांठ्या खडकाच्या भेगांत रोंवून बसत. उलुआ धरण्याची त्यांची तऱ्हा अशी: प्रथम नुसतें शिसें दूर फेंकावयाचें, त्याला तारांचे आंकडे असतात ते तळाच्या खडकांत अडकतात, मग आमिष लावलेला गळ त्याच दोरावरून घसरत खालीं सोडावयाचा. कांठीच्या टोंकास घंटी. ती वाजेपर्यंत काम नाहीं. मीं जांवईबापूंच्या मार्फत विचारलें, "रोज मिळतो काय?" ते म्हणाले, "दहा रात्रींत एकदां." "मग नऊ रात्रीं काय करतां?" त्यांनीं माझ्याकडे पाहिलें आणि शेजारचा दगड दाखविला. मी बसलों. त्या रात्रीं घंटी वाजली नाहीं. परंतु सेवानिवृत्तीनंतर इतक्या समाधानानें मी कोठें बसलों नव्हतों हें नमूद करतों.

चौथ्या दिवशीं पहांटे होनोकोहाऊ बंदरावर गेलों. लाव्ह्याचा खडक फोडून केलेलें हें बंदर १९७० च्या सुमाराचें. कालोकोचा बांध येथून फार दूर नाहीं. आमच्या नौकेचा तांडेल पन्नाशीचा, आजा पोर्तुगीज व आजी हवाईची असलेला, बोलण्यास मितभाषी. कन्येची अट एकच होती: मासा लागला तर तो सोडून द्यावयाचा. तांडेलानें मान्य केलें. मात्र तो म्हणाला, "मी सोडतो. पण मेला तर समुद्रांत टाकीत नाहीं." येथील रिवाजाप्रमाणें नौकेवर मिळालेला मासा नौकेचा, पाहुण्याला थोडा भाग देतात, बाकीचा तांडेल विकतो. २०१२ सालच्या अमेरिकन कायद्यानें अशा चोंचवाल्या माशांची विक्री इतर राज्यांत बंद झाली, परंतु हवाईंत ती राहिली. २०१८ पासून नियम इतकाच कीं, तेथें उतरविलेला मासा तेथेंच खपला पाहिजे. हें सर्व त्यानें सांगितलें नाहीं, जांवईबापूंनीं सांगितलें. तांडेलाचें लक्ष माझ्या पिशवीकडे होतें.

पिशवींत केळीं होतीं. मासेमारीच्या नौकेवर केळें म्हणजे परम अपशकुन! परदेशांत शाकाहारी माणसानें दुसरें काय न्यावें? परंतु तांडेल गंभीर होता. खलाशी पोरगाही गंभीर होता. मांजर आडवें गेल्यावर परत फिरणाऱ्या घराण्यांत माझा जन्म झालेला असल्यामुळें मला हंसण्याचा अधिकार नव्हता. केळीं धक्क्यावर ठेवून नौकेंत चढलों.

समुद्रावर गेल्यावर नौकेच्या दोन्ही अंगांस दोन लांब काठ्या पक्ष्याच्या पंखांप्रमाणें बाहेर कलतात, त्यांवरून दोर सोडतात आणि दोरांच्या टोंकांस खोटीं आमिषें. राळेसारख्या पदार्थाचें रंगीत डोकें, मागें रबरी झालर, पोटांत गळ. नौका ताशीं आठ-नऊ सागरी मैलांनीं चालली कीं हीं आमिषें लाटांवर उड्या मारतात, बुडबुड्यांच्या शेंपट्या सोडतात, आणि मार्लिनला तीं पळणारीं मासळी वाटतात. नौकेच्या मागच्या अंगास मधोमध एक खुर्ची जमिनींत पक्की बसविलेली. मासा लागला कीं तींत बसावयाचें व पट्ट्यानें कांठी अंगाशीं बांधून घ्यावयाची. एवढें झाल्यावर वाट पाहणें. मृगया शब्दांत धांवण्याचा ध्वनि आहे. ह्या मृगयेंत नऊ भाग जांभया. दहाच्या सुमारास भूक लागली म्हणून कन्येनें दिलेला डबा उघडला, तों त्यांत केळ्याचे वेफर्स! मीं डबा मिटला. कोणास बोललों नाहीं.

साडेअकरा वाजतां उजव्या बाजूचा दोर सुटल्याचा खाडकन् आवाज झाला आणि रीळ किंचाळूं लागलें. मागें शंभर हातांवर पाणी फुटलें व तो बाहेर आला. निळा हा शब्द मी आजवर निष्काळजीपणानें वापरीत आलों असें त्या क्षणीं वाटलें. पाठ इंद्रनीळ, पोट रुपेरी, अंगावर फिकट पट्टे, आणि पुढें ती लांब चोंच, म्हणण्यापेक्षां शिंगच. ह्या माशाच्या मेंदूजवळ व डोळ्यांपाशीं रक्त ऊन ठेवणारें एक इंद्रिय असतें, त्यामुळें खोल थंड पाण्यांतही त्याची नजर मंदावत नाहीं. चवताळला कीं त्याचे रंग उजळतात. शेंपटीवर उभा राहून तो पाण्यावरून चालल्यासारखा गेला. "आजोबा, मनूचा मासा!" असें शंतनु ओरडला. ती कथा मींच त्याला लहानपणीं सांगितलेली: प्रळयांत माशाच्या शिंगाला दोर बांधून मनूनें नौका पार नेली. येथें शिंग होतें, दोर होता, नौका होती. नौका त्याच्यामागें ओढलीही जात होती. ह्या बेटांच्या लोकांची कथा नेमकी उलट आहे. त्यांच्या माउई नांवाच्या वीरानें गळ टाकून समुद्राच्या तळांतून बेटेंच वर ओढलीं.

सत्तर मिनिटें तें चाललें. दोर आंत घ्यावा, त्यानें दुप्पट न्यावा. जांवईबापू दोनदां मदतीला पुढें झाले. शंतनुनें मानेनें नको म्हटलें. मी त्याच्या तोंडांत पाणी घालीत होतों, कारण हात मोकळे नव्हते. खरें सांगावयाचें तर त्या सत्तर मिनिटांत मासा सुटावा असें मला एकदांही वाटलें नाहीं. अहिंसेचीं वचनें मला पाठ आहेत. त्यांपैकीं एकही आठवलें नाहीं. पोराच्या मनगटावरची शीर तेवढी दिसत होती, आणि तो जिंकावा एवढेंच मनांत होतें. घरीं बसून मृगयाव्यसनी राजांस दोष देणें सोपें असतें.

मग मासा सरळ खालीं गेला. दोर शेंकडों हात उतरला आणि थांबला. ओढ होती, पण धक्के थांबले होते. तांडेलानें दोराला बोट लावून पाहिलें, आणि त्याचा चेहरा पडला. दोर शेंपटीला गुंडाळला गेला होता. हा मासा तोंड उघडें ठेवून पुढें पोहतो तेव्हांच त्याच्या कल्ल्यांतून पाणी वाहतें व श्वास चालतो. शेंपटीकडून उलटा ओढला गेला कीं पाण्यांत असूनही तो गुदमरतो. जन्मभर पाण्यांत राहून बुडून मरणें! तांडेलानें नौका थोडी पुढें घ्यावी, मग मागें, असें करीत आणखी अर्ध्या तासानें त्याला वर आणलें. शेंपूट आधीं वर आलें. तोंडांत पाणी जावें म्हणून खलाशानें त्याची चोंच धरून नौकेबरोबर बराच वेळ पुढें चालविलें. सोडावयाच्या माशांना अशा रीतीनें शुद्धीवर आणतात. कित्येकांच्या पाठीवर उपग्रहास ठिकाण कळविणाऱ्या खुणा लावून सोडतात. पण हा हलला नाहीं. मग त्यांनीं त्याला आंत घेतलें.

फळीवर तो पडला तेव्हां अजून निळा होता. आमच्या डोळ्यांदेखत तो रंग ओसरला. प्रथम पट्टे गेले, मग पाठ, आणि पांचेक मिनिटांत पाटीच्या दगडासारखा तो करडा झाला. शंतनु खुर्चींतून उठला नव्हता. "आपण सोडणार होतो," असें तो आईच्या गैरहजेरींत आईला सांगावें तसें दोनदां म्हणाला. नंतर खालीं बसून त्यानें माशाच्या डोळ्याजवळ हात ठेवला व माझ्याकडे पाहिलें. मीं आयुष्यांत मासा शिवलों नव्हतों. मीं खालीं बसून त्याच्या हाताशेजारीं हात ठेवला. अंग खरखरीत होतें, आणि अद्याप ऊन.

परतीच्या वाटेवर मीं तांडेलाला वेफर्सच्या डब्याची कबुली दिली. तो हंसला नाहीं, रागावलाही नाहीं. "शेंपटीला दोर गुंडाळला म्हणून मेला," एवढेंच म्हणाला. आणि धक्क्याला लागल्यावर डबा मागून घेऊन त्यांतले दोन वेफर्स खाल्ले. जमिनीवर चालतें, असें त्यानें सांगितलें. शाकुंतलांत आंगठी सांपडलेल्या धीवराची शिपाई थट्टा करतात, तेव्हां तो म्हणतो कीं, जन्मानें आलेलें काम टाकूं नये, आणि यज्ञांत पशु मारणारा श्रोत्रियही मनाचा कोंवळा असतो. हा प्रवेश मीं कित्येक वर्षें शिकविला, पण त्यांतील धीवराचा चेहरा मला आतां दिसला.

मासा टांगून वजन केलें: २१८ पौंड. तांडेल म्हणाला, हा नर असावा. नर तीनशें पौंडांवर क्वचित जातात, हजारांचे विक्रम सारे माद्यांचे. टांगलेल्या माशाशेजारीं उभें राहून छायाचित्र काढण्याची चाल आहे. शंतनु उभा राहिला नाहीं. बाजूच्या नौकेवरील मंडळींनीं आपल्या कॅमेऱ्यांनीं काढलीं तीं माशाचींच निघालीं असतील. तांडेलानें अर्धा मासा धुरावणाऱ्यास देतों, उरलेला मावशीच्या घरीं जाईल, असें सांगून दोन शेर भाग कागदांत बांधून जांवईबापूंच्या हातीं दिला.

संध्याकाळीं घरीं कन्या बराच वेळ गप्प होती. जांवईबापू अमेरिकेंत मासे खावयास शिकले आहेत, तिनें व शंतनुनें कधीं खाल्ले नव्हते. अंगणांतील शेगडीवर मासा भाजत असतां शंतनु माझ्याजवळ येऊन बसला. "आजोबा, असं झाल्यावर काय करावं, हे तुमच्या ग्रंथांत लिहिलं आहे का?"

प्रायश्चित्तांच्या याद्या पुष्कळ आहेत. मीं त्या सांगितल्या नाहींत. मीं त्याला महाभारतांतील च्यवनाची गोष्ट सांगितली. तो ऋषि गंगायमुनांच्या संगमांत बारा वर्षें पाण्याखालीं व्रतस्थ होता. मासे त्याच्या अंगाखांद्यावर खेळत. एके दिवशीं कोळ्यांच्या जाळ्यांत माशांबरोबर तोही वर आला. भोंवतीं मासे तडफडतांना पाहून तो म्हणाला कीं, मी ह्यांच्याबरोबर राहिलों आहें. ह्यांच्याबरोबर मरेन, नाहीं तर ह्यांच्याबरोबर विका. नहुष राजानें हजार, लाख, कोटि मोल देऊं केलें तरी तें पुरलें नाहीं. शेवटीं एक गाय पुरली.

"मग मासे सुटले?"

"ते आधींच मेले होते. पण ऋषीच्या वचनानें ते मासे आणि ते कोळी, दोघेही स्वर्गास गेले असें लिहिलें आहे."

"कोळीसुद्धा?"

"कोळीसुद्धा."

तो थोडा वेळ विचार करीत राहिला. मग म्हणाला, "तो मी मारला. नुसता टाकून देणं किंवा लोकांना देऊन टाकणं मला बरं वाटत नाहीं. मी थोडा खाणार आहे. तुम्ही रागावाल?"

कन्येनें हातांतली वाटी खालीं ठेवली. ती माझ्याकडे पाहत होती, आणि ती काय पाहत होती तें मला ठाऊक होतें. सांगलीस ताटाशेजारीं असें पान आलें असतें तर मी माझें ताट उचलून उठलों असतों. जांवईबापू गेल्या वेळीं हॉटेलांत मासा मागवीत होते तेव्हां मी उठून निराळ्या मेजाशीं बसलों होतों, व तें तिला लागलें होतें. टेबल एकच होतें, लहानसें, बाहेर झाडाखालीं. कामाकाहोनूची पुळण तेथून अर्ध्या मैलावर.

"मी येथेंच बसतों," मीं म्हटलें. "मला दहींभात वाढ."

जांवईबापूंनीं एक बेताचा तुकडा शंतनुच्या ताटांत घातला. त्यानें तो बारीक करून सावकाश खाल्ला, चेहरा न बदलतां, औषध घ्यावें तसा. कोणी कसा लागला म्हणून विचारलें नाहीं. मग पाणी प्याला, हात धुवून आला, आणि माझ्या पातेल्यांतला दहींभात मागितला. मीं वाढला.